उजव्या स्टिअरिंगची जुनी डॉज: अमेरिकेतून काय येतं आणि काय येत नाही

सगळ्यात आधी एक काम करा. मेकॅनिकने काढून ठेवलेला तो स्टिअरिंग बॉक्स, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांकडे नेणारा गिअरचा डबा, आजच घरी आणा. उरलेलं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. नाशिकला आजोबांची १९५१ सालची डॉज किंग्जवे आहे, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जुळवलेली, मुळातच उजव्या स्टिअरिंगची. बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती, आता तुम्हाला ती रस्त्यावर आणायची आहे. काका म्हणतात, डिझेल इंजिन टाका आणि मोकळे व्हा. न्यू जर्सीतला मावसभाऊ म्हणतो, लागेल तो सुटा भाग पाठवतो, नाहीतर एक अख्खी जुनी प्लिमथच घेऊन पाठवतो. आणि मेकॅनिक म्हणतो, स्टिअरिंग बॉक्स गेलाय, तो भंगारात देऊ आणि जीपचा बसवू. या सगळ्यांत ऐकायचं कोणाचं, आणि आरटीओच्या कागदांचं काय करायचं, हे तुम्ही विचारलंय.

मावसभावाचं बरंचसं बरोबर आहे. पण अमेरिकेत तुमच्या गाडीचा जो भाग कधी विकलाच गेला नाही, तो तिथे आज कसा मिळणार? उजव्या स्टिअरिंगच्या अमेरिकन गाड्या अमेरिकेसाठी नव्हत्याच. त्या भारत, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, ब्रिटन अशा डावीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनायच्या, आणि पुष्कळदा सुट्या भागांच्या पेट्या होऊन बोटीने यायच्या. कॅनडाच्या फोर्डने १९२६ साली भारतात शाखा कंपनी काढली. जनरल मोटर्सने १९२८ साली आपल्या शिवडीला शेवरलेट जुळवायला सुरुवात केली. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने डॉज, प्लिमथ, डिसोटो बनवणाऱ्या क्रायस्लरशी करार केला आणि १९४७ पासून कुर्ल्याहून गाड्या बाहेर पडायला लागल्या. पुढे सरकारने नुसतं जुळवण्यापेक्षा इथेच भाग बनवण्याचा आग्रह धरला, तेव्हा १९५३-५४ च्या सुमारास फोर्ड आणि जनरल मोटर्सने इथला पसारा आवरला. प्रीमियर टिकली. म्हणूनच महाराष्ट्रातल्या वाड्यांत, गोदामांत आजही डॉज, प्लिमथ आणि डिसोटो निघतात, आणि त्यांतल्या कित्येक चालू करण्याजोग्या असतात.

अशा गाडीचे मी मनात कायम दोन भाग करतो. इंजिन, गिअरबॉक्सची आतली चाकं, मागचा धुरा, ब्रेकचे ड्रम, दरवाजे, काचा, क्रोमच्या पट्ट्या हे सगळं अमेरिकेतल्या गाडीसारखंच. दुसरा भाग उजव्या हाताचा: स्टिअरिंग बॉक्स, त्याचा ड्रॉप आर्म (बॉक्सबाहेरचा हलता दांडा), तिथून निघणारी लिंक, डॅशबोर्डचा पत्रा, क्लच-ब्रेकची पेडलं आणि त्यांचे शाफ्ट, मास्टर सिलिंडरचा ब्रॅकेट, कॉलमवरच्या (स्टिअरिंगच्या खांबावरच्या) गिअरचे दांडे, अॅक्सिलरेटरची जोडणी, हँडब्रेकची मूठ. पहिल्या भागातलं काहीही हरवलं तर पैसे मोजून परत मिळतं. दुसऱ्या भागातला एक तुकडा भंगारात गेला की गाडी अडकते. म्हणून माझा नियम साधा आहे. उजव्या हाताचा मूळ भाग कितीही वाईट दिसो, तो टाकायचा नाही, दुरुस्त करायचा.

आता त्या बॉक्सकडे या. आत वर्म आहे, म्हणजे कॉलमच्या टोकाला कोरलेला स्क्रू, आणि त्याच्या खाचेत फिरणारा रोलर. रोलर ज्या शाफ्टवर आहे त्याला सेक्टर शाफ्ट म्हणतात, आणि तो बाहेर येऊन ड्रॉप आर्म हलवतो. ‘बॉक्स गेला’ याचा अर्थ दहांतल्या आठ वेळा एवढाच असतो की सेक्टर शाफ्टचे बुश (शाफ्ट ज्यांत फिरतो ती धातूची कडी) झिजलेत, ऑइल सील गेलंय आणि आत तेलाऐवजी ग्रीस कोंबलंय. सील गळायला लागलं की गॅरेजमध्ये गिअर ऑइल काढून ग्रीस भरायची सवय पूर्वीपासून आहे. ग्रीसने गळती थांबते खरी, पण वर्मने एकदा ते बाजूला ढकललं की परत खाचेत येत नाही. वर्म कोरडा चालतो आणि नेमका मधोमध झिजतो, कारण गाडी सरळ चालताना सगळा वेळ रोलर तिथेच असतो.

हे तुम्ही स्वतः तपासू शकता. बॉक्स बाकावर शिकंज्यात धरा आणि शाफ्ट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा. मध्यावर खुळखुळ आणि दोन्ही टोकांना घट्ट असेल, तर वर्म मध्ये झिजलाय. अशा बॉक्सचा वरचा स्क्रू आवळून मधला खुळखुळ काढायला गेलात तर वळणावर स्टिअरिंग आवळून बसेल आणि आपणहून सरळ होणार नाही. ते घाटात जिवावर बेतणारं काम आहे. पण मध्यावर आणि टोकांना खुळखुळ सारखाच असेल, तर खूश व्हा. बुश नवे केले की झालं. चांगला टर्नर फॉस्फर ब्राँझचे बुश करून रीमरने (भोक मापात आणायच्या हत्याराने) शाफ्टला बेतून देतो. वर्मच्या दोन्ही टोकांची बेअरिंग इंचाच्या मापातली असतात. त्यावरचा नंबर घासून वाचा आणि बेअरिंगवाल्याला द्या, पुष्कळ वेळा जुळणारं निघतं. सील मापावरून मिळतं. भरायचं ते जाड गिअर ऑइल.

वर्मच खड्डे पडून गेला असेल तर गिअर कापणाऱ्या चांगल्या कारखान्यात नमुन्यावरून नवा करून, कठीण करून घेता येतो. खर्च होतो, पण जीपचा बॉक्स बसवायला चासीला भोकं पाडून ब्रॅकेट वेल्ड करण्यापेक्षा हा खर्च शतपटीने बरा. स्टिअरिंगच्या कोणत्याही भागाला वेल्डिंग करू देऊ नका, ड्रॉप आर्म तापवून वाकवू देऊ नका. जोडण्याआधी ड्रॉप आर्म, लिंक आणि सेक्टर शाफ्टची डाय पेनिट्रंटने तपासणी करा. तीन डब्यांचं सामान असतं: आधी साफ करायचं, लाल रंग मारून पुसायचा, मग पांढरा फवारा. केसाएवढी भेग असली तरी पांढऱ्यावर लाल रेघ उठते. रेघ उठली तर तो भाग नमुना म्हणून जपून ठेवायचा, गाडीत घालायचा नाही.

मावसभावाच्या अख्ख्या प्लिमथचा विचार सोडून द्या. तिच्यातून तुम्हाला मिळेल ते सगळं सुटंही मिळतं, आणि तुमची खरी अडचण जिथे आहे ते भाग तिच्यात आरशातल्यासारखे उलटे आहेत. डावीकडचा बॉक्स उचलून उजव्या चासीवर बसत नाही, सेक्टर शाफ्ट चुकीच्या अंगाला येतो. डाव्या स्टिअरिंगची गाडी तशीच चालवायची म्हटलं तर मोटार वाहन कायद्याच्या १२० व्या कलमाप्रमाणे तिच्यावर चालू स्थितीतलं इशारा दाखवणारं यंत्र लागतं. ते लावता येईल, पण कसारा घाटात ट्रकमागून डोकवायला डाव्या खुर्चीतून काही दिसत नाही. रोजच्या चालवण्यातला हा त्रास कायद्यापेक्षा मोठा.

त्याला सुटे भाग मात्र जरूर मागवायला सांगा. फक्त ‘डॉज’ म्हणून शोधायला सांगू नका. निर्यातीची किंग्जवे ही मुळात प्लिमथच्या अंगावर डॉजचं तोंड आणि सजावट चढवलेली गाडी. अमेरिकेतली त्या वर्षीची कोरोनेट किंवा मेडोब्रुक ही मोठी, वेगळी डॉज. तुमच्या चार दरवाज्यांच्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर, मोजा. डोळ्यांचा अंदाज नको, टेप लावा: ११८.५ इंच भरला तर ब्रेक, पुढची सस्पेन्शन, दरवाज्याची रबरं हे सगळं प्लिमथच्या नावाने शोधायचं.

इंजिनाचं माप तर त्याहून महत्त्वाचं. क्रायस्लरच्या साइड व्हॉल्व्ह सहा सिलिंडर इंजिनाचे दोन ब्लॉक होते. अमेरिकेतल्या प्लिमथ-डॉजचा हेड (ब्लॉकवरचं झाकण) सुमारे २३.५ इंच लांब. कॅनडात बनलेल्या गाड्यांचा, आणि अमेरिकेतल्या क्रायस्लर-डिसोटोंचाही, २५ इंच. बाहेरून दोन्ही जुळ्या भावांसारखी दिसतात, दोन्ही २१८ घनइंचाची असू शकतात, पण अमेरिकन छोट्या ब्लॉकचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ३¼ इंच आणि कॅनडाच्या मोठ्या ब्लॉकचा ३⅜. हेड गॅस्केट, पिस्टन, रिंगा यांतलं काहीच एकमेकांना लागत नाही. भारतात आलेल्या पेट्या कुठून भरल्या होत्या यावर अंदाज बांधू नका, आणि इतक्या वर्षांत इंजिन बदललेलंही असू शकतं. हेडवर टेप धरा, फोटो काढा, तो भावाला पाठवा, मगच पैसे भरा.

त्याच्याकडून पहिली मागवायची वस्तू म्हणजे ब्लॉकच्या आत पाणी वाटणारी पत्र्याची नळी. फारसं कोणी तिच्याबद्दल बोलत नाही, पण आपल्या उन्हाळ्यात ही गाडी तापते ती बहुतेक वेळा तिच्यामुळे. वॉटर पंपामागून ती ब्लॉकमध्ये लांबवर जाते आणि प्रत्येक एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बाजूला थंड पाणी सोडते. वर्षानुवर्षं साधं पाणी भरलेल्या गाडीत ती गंजून खरवड होते. मग पुढच्या दोन सिलिंडरना पाणी आणि मागचे भाजतात. टेंपरेचरचा काटा शांत दिसतो आणि पाचव्या-सहाव्याचे व्हॉल्व्ह जळतात. रेडिएटर आणि पंप उतरवून आकड्याने ती ओढून काढावी लागते, बऱ्याचदा तुकड्या-तुकड्यांत. नवी घालताना दोन्ही ब्लॉकची नळी वेगळ्या लांबीची असते, हेही लक्षात ठेवा. त्यासोबत गॅस्केटचा सेट, व्हील सिलिंडरचे कप, पेट्रोल पंपाचा डायफ्राम आणि कार्ब्युरेटरचं किट मागवा.

उजव्या हाताचा एखादा भाग खरंच हरवलेला असेल, तर नजर अमेरिकेकडून दक्षिणेला वळवा. क्रायस्लर ऑस्ट्रेलियाने अॅडलेडमध्ये प्लिमथ, डॉज, डिसोटो उजव्या स्टिअरिंगच्या बनवल्या. न्यूझीलंडमध्ये पेटोनीला टॉड मोटर्स क्रायस्लरच्या गाड्या जुळवायची आणि जनरल मोटर्सचा कारखानाही तिथेच होता. दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथला फोर्ड आणि जनरल मोटर्स दोन्ही होत्या. त्या देशांत या गाड्यांचे पेडल, बॉक्स, डॅशबोर्ड अजून निघतात आणि जपणारे लोक आहेत. मेलबर्न किंवा ऑकलंडला नात्यातलं कोणी असेल तर या कामासाठी ते न्यू जर्सीपेक्षा जवळचे. इथे चोर बाजार, कुर्ला आणि पुण्याची नाना पेठ पायी फिरा, हातात जुना भाग घेऊन. नाव सांगून दुकानदाराला कळत नाही, वस्तू पाहिली की हात आपोआप फळीकडे जातो.

जाता जाता, परदेशात राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी एक. ऑकलंड किंवा मेलबर्नला उजव्या स्टिअरिंगची १९५७ ची शेवरलेट विकायला आली, तर आधी डॅशबोर्ड बघा. १९५५ च्या शेवरलेटचा डॅशबोर्ड दोन्ही बाजूंना सारख्या पंख्याच्या आकाराचा होता, त्यामुळे काटे उजवीकडे घेणं सोपं होतं, आणि कंपनीने उजव्या स्टिअरिंगच्या ५७ मध्येही तोच ५५ चा डॅशबोर्ड चालू ठेवला. ५७ चा देखणा डॅशबोर्ड उजवीकडे दिसला तर ती गाडी नंतर बदललेली आहे. बदललेली गाडी वाईटच असते असं नाही, पण मग पत्र्यामागे हात घालून स्टिअरिंग कसं नेलंय ते पाहायचं. डॅशबोर्डमागे साखळी फिरवून केलेल्या जोडण्याही लोकांनी केल्या आहेत, आणि तशी गाडी मी फुकटही घेणार नाही.

आता तुमच्या गाडीतल्या काही गोष्टी, ज्या नवीन पोरांना माहीत नसतात आणि त्यातून नुकसान होतं. डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे आहेत, डोक्यावर ‘एल’ कोरलेलं असतं. पंक्चरवाल्याने नेहमीच्या दिशेने हवेची गन लावली तर बोल्ट आणखी आवळून तुटतो. डाव्या चाकांपाशी रंगाने बाण काढून ठेवा. मागचे ड्रम निमुळत्या शाफ्टवर बसलेले आहेत, ते हातोड्याने निघत नाहीत. जाड पुलर लागतो, आणि तो लावताना शाफ्टचा नट पूर्ण काढायचा नसतो, टोकाशी ठेवायचा, कारण ड्रम सुटतो तो उडूनच. हँडब्रेक मागच्या चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागच्या ड्रमवर आहे. उभी गाडी धरायला तो उत्तम, चालती गाडी थांबवायला ओढू नका.

विजेचं म्हणाल तर गाडी ६ व्होल्टची आहे आणि बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला आहे. आजचा इलेक्ट्रिशियन सवयीने निगेटिव्ह बॉडीला लावतो आणि डायनॅमो बिघडतो. १२ व्होल्ट करायची घाई मला पटत नाही. ६ व्होल्टवर स्टार्टर मंद फिरतो याचं कारण जवळजवळ नेहमी बारीक केबल आणि बॉडीला जाणारी गंजलेली अर्थिंग असते. वेल्डिंगच्या केबलइतकी जाड केबल टाका, इंजिन ते चासी वेगळी अर्थिंगची केबल द्या, आणि पहाटेच्या थंडीतही ती चालू होईल. हेडलाइट सात इंची गोल आहेत, बसणारे रिफ्लेक्टर इथे सहज मिळतात. भावाने अमेरिकेतून पाठवलेले मात्र लावू नका, त्यांचा डिपर उजवीकडे पडतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे. पेट्रोलमधलं शिसं गेल्याची काळजी या इंजिनाला नाही, क्रायस्लर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कठीण धातूच्या बसवायची. पण जुना डायफ्राम, जुनी रबरी नळी आणि टाकीतला वर्षांचा गाळ यांना इथेनॉल सोडत नाही. टाकी उतरवून धुवून घ्या, नळ्या इथेनॉल चालणाऱ्या रबराच्या टाका, कार्ब्युरेटरचा जेट थोडा मोठा लागेल. गाडी आठवड्यापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर कोरडा करून ठेवा.

काकांना दुखवू नका, त्यांच्या काळात डिझेल इंजिन टाकणं हा शहाणपणाचाच मार्ग होता. पेट्रोल महाग, गाडी रोजची, आणि कित्येक डॉज त्यामुळेच चालत राहिल्या. पण आज ही गाडी कमवायला नाही. डिझेलचं वजन पुढच्या सस्पेन्शनवर आणि त्याच स्टिअरिंग बॉक्सवर येतं, माउंटिंगसाठी चासी कापावी लागते. शिवाय कागदांचा प्रश्न आहे.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. नवी नोंदणी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी, आणि फेरनोंदणी ५,००० रुपये. नव्या नोंदणीला ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो, पण आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. आजोबांचा ‘बीएम’ने सुरू होणारा नंबर असेल तर तो सोडू नका. या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं आणि त्यासाठीचं येणं-जाणं एवढंच. तुमचा हेतू तेवढाच असेल तर हाच मार्ग सरळ आहे. डिझेल टाकलंत की हा मार्ग बंद, आणि इंजिन बदलायला आरटीओची वेगळी परवानगी.

त्याआधी गाडी तुमच्या नावावर हवी. मालक वारल्यावरचं हस्तांतर फॉर्म ३१ वर होतं, मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती लागते. आत्या, काका यांच्या सह्या आताच घ्या, सगळे एकत्र असताना.

आरसी बुकातला इंजिन नंबर प्रत्यक्ष इंजिनाशी जुळतो का हे अर्जाच्या आधी बघा. ब्लॉकच्या डाव्या अंगाला, पुढे, डायनॅमोच्या वर हेडलगत एक सपाट पट्टी आहे, तिथे तो ठोकलेला असतो. प्लिमथच्या इंजिनाला सुरुवातीला ‘पी’, डॉजला ‘डी’, डिसोटोला ‘एस’. वर रंगाचे थर असतील. तिथे पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर अजिबात चालवू नका, नंबर पुसट झाला की आरटीओचा निरीक्षक संशय घेणारच. रंग काढायचं केमिकल लावून चिंधीने पुसा, वाळू द्या आणि पांढरा खडू आडवा घासा. अक्षरं उठून दिसतील. तो फोटो आणि हेडवर टेप धरलेला फोटो, दोन्ही मला पाठवा, म्हणजे मावसभावाची यादी नक्की करू.